४३ टक्क्यांवर अडलेला कॉम्प्युटर

२०२४ च्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास वाईहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय ८१. हायस्कुलात ३४ वर्षे गणित शिकवले आणि पासष्टी उलटल्यावर हौसेने कॉम्प्युटर शिकले. फोनवर आधी पाऊसपाणी, मग तब्येत, मग काम, असा त्यांचा क्रम ठरलेला. त्या रात्री मात्र त्यांनी एकदम विचारले, "अरे, रोज ४३ टक्क्यांवर थांबतंय. गेलं की काय हे?"

माझ्या छातीत धस्स झाले. मग उलगडा झाला. अण्णांच्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस दर रात्री तपासणी सुरू करी, ४३ टक्क्यांपर्यंत जाई आणि तिथे बैलासारखा बसकण मारी. शेवटी एक सूचना येई : तपासणी पूर्ण झाली नाही, १७ फाईली तपासता आल्या नाहीत.

या कॉम्प्युटरात अण्णांची बारा वर्षांची मेहनत होती. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. नऊ पिढ्यांच्या नोंदी, नातेवाइकांच्या ट्रंका धुंडाळून आणलेली सहाशेच्या वर छायाचित्रे, म्हाताऱ्या आत्यांच्या तोंडून टिपलेल्या आठवणी. मी विचारले, "अण्णा, याची दुसरी प्रत कुठे आहे?" ते म्हणाले, "दुसरी कशाला? कॉम्प्युटरात आहे ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. आता आवाजात घबराट. या अडचणीवर उपाय शोधायला ते इंटरनेटवर गेले आणि अचानक सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. 'तुमच्या संगणकात पाच घातक व्हायरस आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' अण्णांनी फोन केला. पलीकडचा मनुष्य अतिशय अदबीने बोलला. 'काका, एक छोटा प्रोग्रॅम टाका, म्हणजे मला इथून तुमचा कॉम्प्युटर पाहता येईल.' नशिबाने तो प्रोग्रॅम काही केल्या उतरेना, म्हणून अण्णांनी मला फोन लावला. मी ओरडलोच, "अण्णा, हात लावू नका! आधी मेन स्विच बंद करा!"

वाचकहो, ही फसवणूक आज इतकी सर्रास चालते की प्रत्येक घरात तिची माहिती हवी. इंटरनेटवरचे एखादे पान आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरून व्हायरस मोजू शकत नाही. लाल पडदा आणि भोंगा हे निव्वळ चित्र आणि आवाज असतात. ते पान बंद करावे. बंद होत नसेल तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शनिवारी मी आणि माझी मुलगी मुक्ता खंबाटकी ओलांडून वाईला पोहोचलो. मुक्ता इंजिनिअरिंगला आहे. कॉम्प्युटर सुरू केला, तर अँटीव्हायरस स्वतःला अद्ययावतच करेना. मुक्ताने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले आणि हसली. "आजोबा, तुमच्याकडे अजून २०१६ साल चालू आहे." हा माझ्याच सल्ल्याचा प्रताप! कॉम्प्युटर बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवायला नाण्याएवढा एक सेल असतो. तो मेलेला होता. मेन स्विच बंद होताच घड्याळ मागे गेले. तारीख चुकली की पलीकडच्या सर्व्हरचे ओळखपत्र कॉम्प्युटरला खोटे वाटते आणि तो त्याच्याशी बोलणेच नाकारतो. बाजारातून सेल आणला आणि हे कोडे सुटले.

मग दिसले की घरात पहारेकरी दोन होते. जुन्या अँटीव्हायरसची मुदत संपल्यावर दुरुस्तीवाल्याने दुसरा बसवला, पण पहिल्याला पुरते काढलेच नाही. दोघेही प्रत्येक फाईल एकाच वेळी उघडू पाहात. अशाने कॉम्प्युटर रखडतो, कधी तपासणी मध्येच बंद पडते. जुना प्रोग्रॅम रीतसर काढला. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी मुळातच असतो. घरगुती वापराला तो पुष्कळदा पुरतो.

एवढे करूनही रात्री गाडी ४३ टक्क्यांवरच अडली. तेव्हा मुक्ताने तपासणीचा अहवाल उघडला. सतरांपैकी बारा फाईली बँकेच्या आणि पेन्शनच्या निघाल्या, पासवर्ड लावलेल्या. कुलूपबंद पेटीत काय आहे हे पहारेकऱ्याला कसे कळणार? तीन फाईली विंडोजच्याच वापरात होत्या. म्हणजे या पंधरा फाईलींत बिघाड असा नव्हताच. 'तपासता आली नाही' याचा अर्थ 'रोग आहे' असा होत नाही. आणि 'रोग नाही' असाही होत नाही. पॅथॉलॉजीवाला 'नमुना अपुरा' असे लिहून देतो, तसेच हे.

उरल्या दोन. त्यांच्यापुढे कारण वेगळे होते : 'वाचता आली नाही'. दोन्ही फाईली कुलवृत्तांताच्या छायाचित्रांतल्या होत्या. तपासणी अडे त्या वेळी टक्क्यांच्या आकड्याखाली ज्या फाईलीचे नाव दिसे, तीही त्याच कप्प्यातली. कान देऊन ऐकले तर डब्यातून बारीक टकटक ऐकू येत होती. व्हायरस नव्हताच. हार्ड डिस्क मरू घातली होती. अँटीव्हायरसला प्रत्येक फाईल वाचावी लागते, म्हणून ज्या जागी रोज कोणी जात नाही तिथली पडझड आधी त्याला समजली.

मला वाटले, लगेच चेकडिस्कने दुरुस्ती करावी. मुक्ताने माझा हात धरला. "बाबा, आधी प्रत, मग दुरुस्ती." मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीची दीर्घ तपासणी लावली, तर ती त्या ताणानेच प्राण सोडू शकते. आम्ही नवी बाहेरची डिस्क आणून आधी कुलवृत्तांत उतरवायला घेतला. पहाटे अडीचपर्यंत तिघेही जागे होतो. अण्णा खुर्ची सोडायला तयार नव्हते.

जागरणात मुक्ता आम्हाला व्हायरसची कुळकथा सांगत होती. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला, आयबीएम पीसीवरचा पहिला. आपल्या प्रोग्रॅमची चोरी रोखायला म्हणून लिहिला आणि त्यात स्वतःची नावे व फोन क्रमांकही घातले! तो फ्लॉपीवरून जगभर गेला. आणि १९९० च्या दशकात पुण्यात दोन भावांनीच त्यावर उतारा शोधण्याचा उद्योग मांडला : रहिमतपूरहून येऊन कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय. 'क्विक हील' त्यातूनच उभे राहिले. रहिमतपूर आपल्याच जिल्ह्यातले, हे ऐकून अण्णा त्या रात्री पहिल्यांदा हसले.

पहाटे हिशेब लागला. ६१४ छायाचित्रांपैकी ९ हाती लागली नाहीत. सात छायाचित्रांच्या मूळ प्रती घरच्या ट्रंकेत होत्या, ती पुन्हा स्कॅन केली. दोन मात्र सांगलीच्या काकूंची. अण्णांनी २०१८ मध्ये ती स्कॅन करून परत पाठवली होती, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात काकूंचे तळमजल्याचे घर पाण्याखाली गेले. अण्णांच्या आजीचे एकुलते एक छायाचित्र त्या दोनांत होते. ते आता कुठेच नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जन्मभर पोरांना सांगितलं, उदाहरण पूर्ण वाचा, मग सोडवा. आणि मी महिनाभर नुसता ४३ चा आकडा पाहात बसलो. खालची ओळ वाचलीच नाही."

खरे म्हणजे दोष एकट्या अण्णांचा नव्हता. आपण सगळेच इंग्रजी चौकट दिसली की न वाचता 'ओके' दाबतो, नाहीतर घाबरून कोणाच्या तरी हाती कॉम्प्युटर सोपवतो. मीही वर्षातून चारदा वाईला जात होतो. 'दुसरी प्रत कुठे?' हे मी कधीच विचारले नव्हते.

आता कुलवृत्तांत तीन ठिकाणी आहे : नव्या कॉम्प्युटरात, अण्णांच्या कपाटातल्या डिस्कवर आणि पुण्याला आमच्याकडे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्याआधीच नवा कॉम्प्युटर घेऊन झाला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा स्वतः प्रत काढतात आणि वहीत तारीख घालून सही करतात.

त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आजीचे नाव लिहिले आहे. खाली त्यांना आठवते तेवढे वर्णन : नऊवारी, नाकात नथ, कडेवर तान्हे मूल. ते मूल म्हणजे अण्णाच.