जुन्या जीपला मोठे इंजिन : खर्च करण्यापूर्वी हिशोब मांडा



ऊस नोंदीच्या निमित्ताने शेतकी खात्याचे आम्ही लोक वाडी-वस्तीवर हिंडतो, तेव्हा उसाबरोबर इतर गोष्टीही निघतात. अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जातो : "साहेब, घरची जुनी फोर-व्हील जीप आहे. पेट्रोल इंजिन थकलंय. भंगारातलं मोठं डिझेल इंजिन बसवलं तर ट्रॉली ओढंल का?" बसवणारे मिस्त्रीही भेटतात. परंतु उसाच्या बिलाचा पैसा यात घालण्यापूर्वी जीप नेमकी कशाच्या जोरावर ओढते, हे समजून घेणे हिताचे आहे.

ओढ इंजिनाची की चाकाची?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप विलीज कंपनीच्या सीजे-३बी या नमुन्याच्या. तिचे हरिकेन पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, ७० हॉर्सपॉवरच्या आसपासचे. त्याची पीळशक्ती साधारण १६ किलो-मीटर. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १६ किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढी. ही शक्ती थोडी वाटते खरी, पण पुढे गिअर तिला वाढवतात. पहिल्या गिअरला २.८ पट, लो गिअरला सुमारे २.४६ पट आणि शेवटी क्राउन-पिनियनला ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार ३७ पट होतो. मधली घट वजा जाता चाकाशी जवळजवळ १३०० किलोची ओढ तयार होते.

आता दुसरी बाजू पाहू. दोन माणसांसह जीपचे वजन १२०० किलो धरा. चारही चाके लागली तरी कोरड्या मातीत पकड वजनाच्या साधारण निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ७०० किलो. ओल्या काळ्या रानात ती ३५० किलोवर येते. याचा अर्थ असा की, जुन्याच इंजिनात चाक फिरवण्याची ताकद पकडीच्या दुप्पट-तिप्पट आहे. पाणंदीच्या चिखलात जीप अडते ती इंजिन कमी पडते म्हणून नव्हे, चाक घसरते म्हणून. तिथे दुप्पट इंजिन बसवले तर चाक अधिक जोरात घसरेल आणि खड्डा अधिक खोल होईल, एवढेच! त्यापेक्षा चांगल्या नक्षीचे टायर आणि वेळेवर टाकलेला लो गिअर जास्त काम करतात.

मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग वरच्या गिअरला होतो. टॉप गिअरला जुन्या इंजिनाची ओढ जेमतेम २०० किलो राहते, म्हणून चढाला गिअर उतरवावा लागतो. मोठे इंजिन हा त्रास वाचवते. पण चढावर गिअर बदलण्याचा कंटाळा वाचवण्यासाठी किती पैसे घालायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वेगाचा हिशोब

काही जण ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवतात. जीपचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाते. तेव्हा टॉप गिअरला वेग ताशी ९५-१०० किलोमीटर होतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाला २२०० फेऱ्यांच्या आसपास गव्हर्नर अडवतो. त्याच क्राउन-पिनियनवर वेग ताशी ५४ किलोमीटरपुढे जाणार नाही. मग मिस्त्री म्हणतो, मागचे क्राउन-पिनियन बदला. इथे मोठा धोका आहे. मागचे बदलले आणि पुढचे तसेच ठेवले, तर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि शाफ्ट, जॉइंट किंवा ट्रान्सफर केस तुटते. बदलायचे तर दोन्ही एकाच प्रमाणाचे, असा नियमच समजा.

सुट्या भागांची साखळी

इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्टचे काम नव्हे. खुद्द कंपनीने १९५३ साली जुन्या ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या जागी हरिकेन बसवले, तेव्हा लिटरचे माप तेच होते. फक्त इंजिन उंच होते. तेवढ्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. आपल्या जीपचे उंच नाक त्यातूनच आले. कारखान्यात बसून त्यांना हे करावे लागले, तर लेथवर काय काय करावे लागेल याचा विचार करा :

१. इंजिन व गिअरबॉक्स जोडणारी प्लेट मध्यावर अचूक हवी. थोडा फरक राहिला तरी क्लच आणि बेअरिंग टिकत नाहीत.
२. डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते, चेंबर पुढच्या आसाला लागण्याची भीती.
३. रेडिएटर, बॅटरी व स्टार्टर मोठे लागतात.
४. जुना तीन-गिअरी गिअरबॉक्स आणि हाफ शाफ्ट मूळ इंजिनाच्या मापाचे आहेत. वाढीव पीळ तेच सोसणार.

या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. मूळ ड्रम ९ इंची. वेग ३० चा ६० झाला की थांबवायचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर ती उतारावर जीपला ढकलते. इंजिन मोठे केले आणि ब्रेक तसेच ठेवले, तर आपल्या घरचा माणूस आणि रस्त्याने चाललेली बैलगाडी, दोघांचाही जीव धोक्यात घातला.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. इंधन बदलण्याच्या किटसाठी वेगळी तरतूद आहे, पण तीही अटींसह. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलास ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत. शिवाय अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर पाहते. भरपाईचा वाद मालकाच्या अंगावर आला की त्यात जमीनसुद्धा अडकते. म्हणून हात लावण्यापूर्वी आरटीओकडे जाऊन विचारा. तोंडी होकारावर विसंबू नका, लेखी घ्या.

मग करावे काय?

प्रथम जीप खरोखर थकली आहे का, ते तपासा. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक चिकटत असेल तर निम्मी ताकद तिथेच जाते. क्लच घसरतो का पाहा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. टॅपेट, टायमिंग आणि कार्बोरेटर नीट लावून घ्या. एवढ्यानेच पुष्कळ जीप सुधारतात. कॉम्प्रेशन गेले असेल तर बोअरिंग करून पिस्टन-रिंगा टाका. इंजिनच गेले असेल तर त्याच जातीचे घ्या, आणि आधी परवानगी घेऊन नवा नंबर नोंदणीपत्रावर चढवून घ्या.

आणि ऊस वाहतुकीचे म्हणाल तर ते ट्रॅक्टरचे व बैलगाडीचे काम आहे. जीपने माणसे, खताची चार पोती आणि बेणे वाहावे. जनावराच्या ताकदीप्रमाणे आपण ओझे घालतो. यंत्रालाही तोच न्याय लावावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी