बाभळीची चौकट आणि सपाट स्पीकर

बीड जिल्ह्यात स्पीकर म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते सप्ताहाच्या मंडपावरचे कर्णे, नाहीतर वरातीच्या गाडीवर रचलेली खोकी. सपाट स्पीकरला खोकंच नसतं. चौकटीत बसवलेला पातळ पडदा पुढे-मागे हलतो आणि आवाज होतो. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ साली उच्च दाबाच्या विजेवर चालणारा असा स्पीकर बाजारात आणला. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या मॅग्नेपॅनने पडद्याला तारा चिकटवून तो चुंबकांच्या जोरावर हलवला. आता हौसेने घरी असले स्पीकर जुळवणारेही आहेत. चौकट करायला ते सुताराकडे गेले की तिथून गैरसमज सुरू होतात.

“लाकूड चांगलं वाजलं पाहिजे.” ही समजूत पखवाजावरून आलेली. तिथे खोड हा वाद्याचाच भाग असतो. इथे चौकटीने गप्प राहायचं. पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा चौकट तेवढ्याच जोराने मागे रेटली जाते. पडदा काही ग्रॅमचा आणि चौकट काही किलोंची, म्हणून ती फारशी हलत नाही. पण लेचीपेची असली तर ठरावीक सुरांना स्वतःच थरथरते आणि गाण्यात नसलेली गुणगुण त्यात मिसळते.

“मग बाभूळच घ्या, तिच्याइतकं टणक काय आहे?” टणक खरीच, बैलगाड्या, औतं तिचीच होत आली. पण ओली बाभूळ वाळताना पिळते, तडकते. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत मात्र चांगलंच आकसतं, आणि मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात हा खेळ जोरात चालतो. ताणलेल्या पडद्याची चौकट पिळली की ताण एकीकडे सैल पडतो. त्यामुळे जात कोणती यापेक्षा लाकूड मुरलंय का, हे आधी विचारा. सागवान स्थिर, चांगला प्लायवूडही चालतो. जुळणी झाली की गुण्यावर न थांबता दोन्ही कर्ण टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णांत फरक आला, तर चौकट काटकोनात नाही.

“जाड पट्टी म्हणजे मजबूत चौकट” हेही अर्धवटच. पट्टी कोणत्या अंगाने लावली, यावर सारं ठरतं. २५ बाय ५० मिलिमीटरची पट्टी घ्या. धक्का पुढे-मागे बसतो, म्हणून ५० ची बाजू त्याच दिशेला ठेवली तर ती आडवी लावलेल्या पट्टीच्या चौपट ताठ राहते. लाकूड तेच, पैसे तेच. उंच चौकट नुसत्या तळाशी बोल्टने आवळली तर वरचं टोक डुलतंच. मागून वरच्या बाजूला तिरका टेकू द्या, त्रिकोण झाला की डुलणं थांबतं. शहाबादी फरशी एका पातळीत नसेल तर चार पायांतला एखादा अधांतरी राहतो. तीन पाय डगमगत नाहीत, फक्त ते लांब पसरलेले हवेत, नाहीतर पोराच्या धक्क्याने सगळं आडवं होईल.

“जड स्टँड केला की बास वाढतो.” नाही वाढत. पडद्याच्या मागचा आवाज पुढच्याच्या उलटा असतो. ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटर लांब. दोन फुटांच्या चौकटीला ती सहज वळसा घालते आणि दोन्हीकडचे आवाज एकमेकांना खातात. दोन्ही बाजूंना फळ्या जोडून रुंदी वाढवली तर थोडा फरक पडतो. भिंतीला चिकटवून टीव्हीसारखं लावणं तर वाईटच. मागे दोन-तीन फूट जागा सोडा.

ताठ चौकटीच्या नियमाला एक अपवाद आहे. थर्माकोल किंवा प्लायच्या पत्र्याला एक्सायटर, म्हणजे थरथर देणारं छोटं यंत्र, चिकटवून केलेल्या स्पीकरमध्ये पत्रा स्वतःच लहरून वाजतो. त्याच्या चारही कडा आवळल्या तर आवाज दबतो. त्याला मऊ फोमच्या पट्ट्यांवर टेकवा किंवा दोरीने टांगा, आणि ताठ लाकूड फक्त बाहेरच्या सांगाड्याला वापरा.

क्वाडच्या जातीचा स्पीकर करायचा असेल तर मात्र हौशी माणसाने जपूनच. त्यात काही हजार व्होल्ट खेळतात. ओलसर लाकडातून वीज झिरपते, म्हणून विजेचे भाग थेट चौकटीवर न ठेवता मधे चांगल्या प्लास्टिकचा थर हवा, आणि चौकटीचे स्क्रू त्यांच्यापासून लांब.