दोनशे चाळीस दिवसांच्या आत

वाळूजच्या बजाजनगरात निवृत्तीला टेकलेले कामगार जमले की विषय ठरलेला असतो. तिसऱ्या पाळीची झोप, मेसची पाणचट आमटी, एका खोलीत सहा जण, आणि शेवटी शेरा : आजच्या पोरांना कष्ट नकोत, चार महिन्यांत कंपनी सोडतात. या आठवणींतले कष्ट खरेच होते, त्यावर वाद नाही. वाद आहे तो निष्कर्षावर. तरुणपणीच्या कारखान्यातल्या नोकरीची आठवण मागे वळून पाहताना गोड लागते की कडू, हे घामावर ठरत नाही. त्या नोकरीतून पुढे रस्ता निघाला की नाही, यावर ठरतं. संभाजीनगरच्या दोन पिढ्यांच्या आठवणींत जे अंतर पडलं आहे, ते स्वभावाचं नसून या रस्त्याचं आहे, असं माझं मत आहे.

मराठवाड्यात कारखाना आला तोच मुळी मागणी म्हणून. एमआयडीसी १९६२ ची; तेव्हाच्या औरंगाबादेत आधी रेल्वे स्टेशनलगत आणि मग चिकलठाण्याला शेड उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळाने शेतीवरचा भरवसा उडाला होता. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं पाठीशी होती, आणि नोकऱ्या हा त्यातला कळीचा प्रश्न होता. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची वसाहत वाढत गेली. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची आयटीआय झालेली मुलं ट्रेनी म्हणून लागली. दोन-तीन वर्षं ओढली की परमनंटचं पत्र हाती पडण्याची शक्यता होती. पत्र आलं की सोसायटीचं कर्ज, सिडकोचं घर, बहिणीचं लग्न. आजची गोडी त्या पत्राची आहे. पाणचट आमटीसुद्धा त्यामुळेच चविष्ट आठवते.

हे पत्र दुर्मीळ कसं झालं, ते कागदावर वाचता येतं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस भरलेला तात्पुरता कामगार कायम व्हायला हवा असे. नियम कामगाराच्या बाजूचा. व्यवहारात त्याचंच कुंपण झालं. सातव्या महिन्यात ब्रेक, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर हजेरी, कधी कधी त्याच मशीनवर. दुसरी वाट शिकाऊपणाची. १९६१ च्या कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. शिकून झाल्यावर त्याला घेण्याचं बंधनही मालकावर सहसा नाही. २०१३ ची ‘नीम’ योजना आणि २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना याच वळणाच्या. दुसरीत आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये आणि सुरुवातीला मुदत फक्त सहा महिने. शिकायला मिळतं हे कबूल. पण पॉवर प्रेसवर शिकायचं किती असतं? दोन्ही तळव्यांनी दोन बटणं एकदम दाबायची, म्हणजे ठोका पडताना हात साच्याबाहेर राहतात. पत्रा सरकवायचा, पुन्हा दाबायची. नगांचा आकडा गाठायला कोणी एक बटण चिंधीने बांधून ठेवलं की बोटं कशी जातात, हेही तिथेच कळतं. आठवड्याभरात हात बसतो. पुढचे महिने उत्पादनाचे असतात, आणि नाव मात्र प्रशिक्षणाचंच राहतं.

उद्योजक म्हणतात, मागणी चढती-उतरती असते, दसरा-दिवाळीला गाड्या खपतात, एरवी माणसं बसवून पोसायची का? मुद्दा रास्त आहे. हंगामाला हंगामी हात लागणारच. पण बाराही महिने चालणाऱ्या मशीनवर दर सात महिन्यांनी नवा मुलगा का लागतो, याचं उत्तर हंगामात सापडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : परमनंट तरी कुठे सुरक्षित होता? चितेगावचा व्हिडिओकॉनचा पसारा पाहा. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि हजारोंची घडी विस्कटली. खरं आहे. तरीही कायम कामगाराकडे दावा करायला सेवेचा हिशेब होता, ग्रॅच्युइटी होती. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षं लागत. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारासाठी ती अट एका वर्षावर आणली. ब्रेक सातव्या महिन्यात येत असेल, तर एक वर्षही लांबच.

आणि जुन्यांतही सगळ्यांना पत्र मिळालं होतं असं कुठे आहे? ज्यांना मिळालं नाही ते गावी परतले, रिक्षा चालवू लागले, पंढरपूर फाट्यावर गाडा लावून बसले. बजाजनगरच्या कट्ट्यावर ते नसतात, म्हणून त्यांची आठवण हिशेबात येत नाही. मुंबईच्या गिरणगावाला मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मौखिक इतिहास तरी मिळवून दिला; रांजणगाव शेणपुंजीच्या भाड्याच्या खोल्यांना तसा वाली अजून मिळायचा आहे. त्या खोल्यांतला एकवीस वर्षांचा मुलगा मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म भरतो, भरतीच्या मैदानावर धावायला जातो आणि महिना हजार-दोन हजारांसाठी कंपनी बदलतो. याला कष्टाची नावड म्हणणं सोपं आहे. जिथे टिकून काही मिळत नाही तिथून निघणं, हा त्याने केलेला सरळ हिशेब आहे.

आता बिडकीनकडे डोळे लागले आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला. ऑरिक या औद्योगिक नगरीत इलेक्ट्रिक गाड्यांचीही भाषा सुरू आहे. अशा घोषणांत रोजगाराचा आकडा ठळक असतो. त्यातले कंपनीच्या मस्टरवर किती आणि कंत्राटदाराच्या किती, हा रकाना मात्र त्यात नसतो. आयटीआयच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोराला पहिल्यांदा तोच वाचायचा असतो.