टॅब्लेट संगणक: लेखणीकडून बोटाकडे

टॅब्लेट संगणकाचा इतिहास बहुधा ॲपल कंपनीच्या २०१० सालच्या आयपॅडपासून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्या वर्षी एका दीर्घ प्रवासाचा उत्तरार्ध सुरू झाला होता. वहीएवढा, सपाट आणि कोठेही नेता येईल असा संगणक ही कल्पना १९७२ पर्यंत वजन, किंमत व पडद्याची गुणवत्ता यांच्या अपेक्षांसह कागदावर मांडली गेली होती, आणि हाताने लिहिलेले अक्षर यंत्राला कळावे यासाठीचे प्रयत्न तर तिच्याही आधीचे होते. कल्पना आणि वस्तू यांच्यामध्ये जवळजवळ चार दशकांचे अंतर का पडले, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. पडदे, बॅटऱ्या आणि प्रोसेसर दीर्घकाळ अपुरे होते, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे, की मधल्या काळातील बहुतेक कंपन्यांनी टॅब्लेटचे भवितव्य हस्ताक्षर ओळखण्याच्या क्षमतेशी जखडून टाकले होते, आणि ती गाठ सुटल्यावरच हे उपकरण सर्वसामान्यांच्या हाती आले.

तारेवरून जाणारे अक्षर

लेखणीची हालचाल विद्युत संकेतांत बदलण्याचा व्यवहारात उतरलेला पहिला मोठा प्रयोग संगणकाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. टेलिफोनच्या शोधाबाबत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले जाणारे अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे यांनी १८८८ मध्ये ‘टेलऑटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट मिळवले. एका टोकाला लिहिणाऱ्याच्या लेखणीची हालचाल विद्युतप्रवाहातील चढउतारांत बदलत असे आणि त्या चढउतारांनुसार दुसऱ्या टोकाची लेखणी तेच अक्षर कागदावर उमटवीत असे. बँका व रेल्वे स्थानके यांतून या यंत्राचा वापर अनेक वर्षे होत राहिला. यंत्र अक्षर वाहून नेत होते, वाचत मात्र नव्हते.

हे यंत्र संगणकाच्या इतिहासाशी जोडले गेले ते व्हॅनिव्हर बुश यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वैज्ञानिक संशोधनाची सूत्रे सांभाळणाऱ्या बुश यांनी जुलै १९४५ च्या ‘द अटलांटिक मन्थली’ या मासिकात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. अभ्यासकाची सर्व पुस्तके व टिपणे सूक्ष्मफितींवर साठवून हवी तेव्हा पडद्यावर आणणारे ते एक मेज होते, आणि वाचत असलेल्या मजकुराच्या समासात लेखणीने टिपण करण्याची सोय सुचवताना बुश यांनी टेलऑटोग्राफचाच दाखला दिला होता.

तांब्याच्या तारांची जाळी

प्रत्यक्ष संगणकाला लेखणी जोडली गेली ती प्रथम प्रकाशलेखणीच्या रूपाने. एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ हा चित्ररेखाटनाचा कार्यक्रम सिद्ध केला, त्यात वापरकर्ता उभ्या पडद्यावर अशी लेखणी टेकवून आकृत्या काढीत असे. प्रकाशलेखणी नावाप्रमाणे प्रकाश टाकत नाही. पडद्यावर उमटलेला प्रकाशबिंदू टिपून ती आपले स्थान संगणकाला कळवते. उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरावा लागत असल्याने दीर्घकाळ काम करणे मात्र कष्टाचे होई.

ही अडचण दूर करणारे साधन कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत तयार झाले. माल्कम डेव्हिस आणि टॉम एलिस यांनी १९६४ मध्ये वर्णन प्रसिद्ध केलेल्या ‘रँड टॅब्लेट’मध्ये १० इंच लांबी-रुंदीचा आडवा लेखनपृष्ठभाग होता व त्याखालच्या पातळ प्लास्टिक फिल्मच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक रेषांची जाळी होती. दोन्ही दिशांना १,०२४ स्थाने वेगळी ओळखता येत असल्यामुळे एकंदर दहा लाखांहून अधिक बिंदूंचा नकाशा तयार होई. प्रत्येक रेषेतून विद्युत स्पंदांची विशिष्ट मालिका जाई आणि लेखणीचे टोक ती मालिका टिपून आपण कोठे आहोत हे संगणकाला सांगे. या मालिकांसाठी ग्रे संकेत नावाची द्विमान पद्धती वापरली होती, जिच्यात शेजारच्या दोन संख्यांमध्ये केवळ एकाच अंकाचा फरक असतो. त्यामुळे लेखणी दोन रेषांच्या मधोमध टेकली तरी चूक झालीच तर ती शेजारच्या रेषेपुरतीच राही, नोंद भलतीकडे उडी मारत नसे. या साधनाची किंमत त्या काळी सुमारे १८,००० डॉलर होती, आणि लिहिणारा आडव्या पृष्ठभागावर लिहीत असला तरी उमटणारी रेषा त्याला समोरच्या वेगळ्या पडद्यावर पाहावी लागे.

याच साधनावर रँडमध्ये ‘ग्रेल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यात वापरकर्ता लेखणीने ओबडधोबड चौकट काढी आणि संगणक तिच्या जागी रेखीव चौकट ठेवी. हाताने लिहिलेली सुटी अक्षरे त्याच क्षणी छापील अक्षरांत बदलत. खोडण्यासाठी शाळकरी मुलाप्रमाणे गिरगटले की मजकूर नाहीसा होई. हे सारे साधण्यासाठी एक मोठा संगणक एकाच माणसाच्या दिमतीला द्यावा लागत असल्याने ग्रेल प्रयोगशाळेबाहेर जाण्याची शक्यता नव्हती.

डायनाबुकची कल्पना

१९६८ मध्ये ग्रेलचे प्रात्यक्षिक पाहून प्रभावित झालेल्यांमध्ये ॲलन के हे तरुण संशोधक होते. इलिनॉय विद्यापीठात विकसित झालेला सपाट प्लाझ्मा पडदा त्यांनी त्याच वर्षी पाहिला आणि सेमोर पॅपर्ट यांच्या ‘लोगो’ प्रकल्पात लहान मुलांना संगणकासाठी आज्ञावली लिहितानाही पाहिले. या तिन्ही गोष्टी एका वस्तूत एकत्र आल्या तर काय होईल, या विचारातून त्यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना बनवला व पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये, सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक कसा असावा हे सांगणारा निबंध सादर केला. त्यातील ‘डायनाबुक’ वहीएवढे, चार पौंडांहून कमी वजनाचे, छापील पानाच्या तोडीचा मजकूर दाखवणारे आणि ५०० डॉलरच्या आसपास किमतीचे असावे, असे अपेक्षित होते. मूळ आराखड्यात पडद्याखाली कळफलक होता. तथापि पडद्याने संपूर्ण पृष्ठभाग व्यापल्यास कळफलक पडद्यावरच दाखवता येईल आणि बोटाचा स्पर्श कोठे झाला हे कोपऱ्यांत बसवलेल्या दाबमापकांनी ओळखता येईल, असा पर्यायही के यांनी नोंदवून ठेवला होता.

असे यंत्र बनवणे तेव्हा अशक्य असल्यामुळे चक थॅकर यांनी १९७३ मध्ये घडवलेल्या ‘आल्टो’ या टेबलावरील संगणकाकडे के व त्यांचे सहकारी हंगामी डायनाबुक म्हणून पाहत. खिडक्या, चित्ररूप चिन्हे व माउस यांनी युक्त अशा आजच्या वैयक्तिक संगणकाचे मूळ आल्टोमध्ये सापडते. डायनाबुकसाठी केलेल्या विचारातून टॅब्लेटच्या आधी टेबलावरचा संगणकच बहरला, आणि या वळणाचे परिणाम पुढे तीस वर्षे जाणवत राहिले.

हस्ताक्षराचा आग्रह

बॅटरीवर चालणारे लेखणी-संगणक १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. त्यांतील उल्लेखनीय यंत्र म्हणजे १९८९ चे ‘ग्रिडपॅड’. मेंदूच्या कार्यपद्धतीचा अभ्यास केलेले अभियंते जेफ हॉकिन्स यांनी ते ग्रिड सिस्टिम्स या कंपनीसाठी रचले होते. वजन सुमारे दोन किलो, किंमत २,३७० डॉलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम एम.एस.-डॉस. घरगुती ग्राहकाऐवजी हातात पॅड धरून उभ्याउभ्या नमुने भरणारे कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवल्याने त्याला सुट्या छापील वळणाच्या अक्षरांपलीकडे फारसे वाचावे लागत नसे, आणि त्या मर्यादित कामात ते उपयुक्त ठरले.

जेरी कॅप्लन यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये स्थापन झालेल्या गो कॉर्पोरेशनची महत्त्वाकांक्षा मोठी होती. तिची ‘पेनपॉइंट’ ही ऑपरेटिंग सिस्टिम लेखणीसाठी मुळापासून रचलेली असून वहीची पाने व अनुक्रमणिका यांच्या धर्तीवर तिची मांडणी होती. फुली मारली की शब्द पुसला जाई. आय.बी.एम.ने १९९२ मध्ये ‘थिंकपॅड’ हे नाव प्रथम ज्या यंत्राला दिले, तो लॅपटॉप नव्हता, पेनपॉइंटवर चालणारा टॅब्लेट होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फॉर पेन कॉम्प्युटिंग’ आणले. दोन कार्यप्रणालींच्या स्पर्धेत ग्राहक मात्र फार थोडे होते. गो कंपनी ए.टी. अँड टी.च्या छत्राखाली गेली आणि १९९४ मध्ये तो सारा व्यवसाय बंद झाला.

ॲपलचा ‘न्यूटन मेसेजपॅड’ ऑगस्ट १९९३ मध्ये ६९९ डॉलरला विक्रीस आला आणि हस्ताक्षराच्या प्रश्नाचे खरे स्वरूप त्याच्या रूपाने उघड झाले. त्यातील पॅराग्राफ या कंपनीची पद्धती अक्षरे जोडून सलग लिहिलेला संपूर्ण शब्द घेऊन शब्दकोशातील शब्दांशी ताडून पाहत असे. शब्द कोशात असला तर ही पद्धत चालून जाई. आडनाव, गावाचे नाव किंवा अपरिचित संज्ञा आली, की यंत्र एखादे अक्षर चुकवण्याऐवजी भलताच, पण अस्सल इंग्रजी शब्द समोर ठेवी. अक्षराची चूक वाचकाला दुरुस्त करून घेता येते, पण अख्खा शब्दच बदलला की वाक्याचा अर्थ बिघडतो. म्हणूनच ‘डून्सबरी’ या लोकप्रिय चित्रमालिकेने न्यूटनची यथेच्छ टिंगल केली. १९९६ च्या सुमारास आलेल्या सुधारित आवृत्तीची अक्षर-ओळख पुष्कळच चांगली होती, परंतु नाव एकदा खराब झाले ते झालेच, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्पादन थांबवण्यात आले. न्यूटनचा टिकाऊ वारसा निराळाच आहे: त्याच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरसाठी ॲपलने १९९० मध्ये एकॉर्न व व्ही.एल.एस.आय. यांच्यासह ए.आर.एम. ही कंपनी स्थापन केली होती, आणि तिच्याच रचनेवरचे प्रोसेसर पुढे जगभरातील फोन व टॅब्लेट चालवू लागले.

हॉकिन्स यांनी या अनुभवातून उलटा धडा घेतला. खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा बरोबर बाळगून त्यांनी आकार निश्चित केला आणि १९९६ च्या ‘पाम पायलट’मध्ये यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच ‘ग्राफिटी’ ही सोपी लिपी शिकायला लावली. तिच्यात बहुतेक अक्षरे लेखणी न उचलता एका फटक्यात लिहायची असत; इंग्रजी ‘ए’ मधली आडवी दांडी गाळून केवळ उलटा ‘व्ही’ काढायचा असे. २९९ डॉलरचे हे छोटे यंत्र भरपूर खपले, कारण त्याने हस्ताक्षराचा प्रश्न सोडवण्याऐवजी लहान करून घेतला होता.

दोन वेगळे प्रयत्न

मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये टॅब्लेट पीसीचा नमुना दाखवला, तेव्हा त्यामागच्या अभियंत्यांमध्ये आल्टोचे शिल्पकार चक थॅकर होते. पुढच्याच वर्षी बिल गेट्स यांनी असे भाकीत केले, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा संगणक याच प्रकारचा असेल. नोव्हेंबर २००२ मध्ये ही यंत्रे बाजारात आली. लेखणीची अचूकता उत्तम होती, हस्ताक्षर जसेच्या तसे जतन करण्याची सोयही होती, पण आतील विंडोज माउससाठी बेतलेले असल्याने बारीक खुणांवर आणि अरुंद सूचींवर लेखणी नेमकी टेकवण्याची कसरत सतत करावी लागे. प्रकल्पाचे एक प्रमुख डिक ब्रास यांनी २०१० मध्ये जाहीरपणे लिहिले, की कंपनीच्याच ऑफिस विभागाने आपले कार्यक्रम टॅब्लेटला साजेसे करून देण्यास नकार दिला होता.

भारतातील प्रयत्नाचे प्रयोजन निराळे होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय या प्राध्यापकांनी एन्कोअर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांसह २००१ मध्ये ‘सिम्प्यूटर’ सादर केला. लिनक्सवर चालणाऱ्या व स्टायलसने वापरायच्या या हातसंगणकाची किंमत ९,००० रुपयांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट होते. एकच यंत्र गावातील अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाने आपली माहिती स्वतंत्र स्मार्ट कार्डावर ठेवावी अशी त्याची योजना होती, तसेच ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मजकूर भारतीय भाषांतून बोलून दाखवण्याची सोयही होती. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ या नावाने बाजारात आलेल्या आवृत्तीत यंत्राची हालचाल टिपणारा संवेदकही बसवला होता. खप मात्र बेताचाच राहिला, कारण साध्या मोबाइल फोनच्या किमती याच काळात झपाट्याने उतरत गेल्या.

बोटाचा स्पर्श

लेखणीला पर्याय ठरलेले तंत्रही जुनेच होते. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार आस्थापनेत ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी स्पर्शपडद्याची रचना १९६५ मध्ये मांडली होती. बाजारात पुढे दोन प्रकार रुळले. रेझिस्टिव्ह पडद्यात दाब दिल्यावर दोन पातळ थर एकमेकांना टेकतात, म्हणून त्याला लेखणीचे टोक किंवा नख सोयीचे पडते. कपॅसिटिव्ह पडद्यात बोट जवळ येताच पृष्ठभागावरील विद्युतभारात होणारा बदल मोजला जातो, म्हणून दाबाची गरज उरत नाही. हा बदल मोजण्यासाठी पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. रँड टॅब्लेटमधील तांब्याच्या जाळीशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की तेथे जाळीच्या खुणा लेखणी वाचत असे आणि येथे जाळीच बोटाची खूण वाचते.

अनेक बोटांचे स्पर्श एकाच वेळी ओळखण्याचे तंत्र डेलावेअर विद्यापीठातील वेन वेस्टरमन व जॉन इलायस यांनी ‘फिंगरवर्क्स’ या कंपनीमार्फत विकसित केले आणि २००५ मध्ये ॲपलने ते आत्मसात केले. ॲपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांच्या सांगण्यानुसार ॲपलमध्ये काम टॅब्लेटपासूनच सुरू झाले होते; त्याचा नमुना पाहिल्यावर आधी फोन करण्याचे ठरले आणि २००७ मध्ये आयफोन आला. त्याच्या पडद्यावरील कळफलकात एक बोधप्रद गोष्ट घडली. चुकलेला शब्द कोशाच्या आधारे दुरुस्त करण्याची जी युक्ती न्यूटनला भोवली, तीच येथे यशस्वी ठरली, कारण बोट चुकले तरी शेजारच्याच कळीवर पडते, त्यामुळे संभाव्य शब्द मोजकेच उरतात. वळणदार हस्ताक्षरातील संदिग्धतेला अशी सीमा नसते.

एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आलेला आयपॅड ९.७ इंची पडद्याचा, ६८० ग्रॅम वजनाचा व ४९९ डॉलरपासून पुढे किमतीचा होता, आणि त्याच्याबरोबर लेखणी नव्हती. ८० दिवसांत तीस लाख यंत्रे विकली गेली. टेबलावरच्या संगणकाची प्रणाली आखडून टॅब्लेटमध्ये बसवण्याऐवजी बोटासाठी आखलेली फोनची प्रणाली मोठी करण्याचा निर्णय या यशाच्या मुळाशी होता. हस्ताक्षराच्या ओझ्यातून मुक्त झालेली लेखणी २०१५ मध्ये चित्रकारांचे व टिपणे काढणाऱ्यांचे साधन म्हणून त्याच यंत्रात परतली.

अपुरा राहिलेला भाग

वजन, पडदा आणि आकड्यापुरती का होईना किंमत, या बाबतींत आयपॅडने १९७२ चा आराखडा पूर्ण केला. के यांची मुख्य अट मात्र वेगळी होती: मुलाने या यंत्रावर इतरांनी तयार केलेले पाहावे-वाचावे एवढेच नव्हे, तर स्वतः आज्ञावली रचून ती दुसऱ्या मुलांना द्यावी. ज्या महिन्यात आयपॅड दुकानांत आला, त्याच महिन्यात एम.आय.टी.च्या ‘स्क्रॅच’ या बालसुलभ भाषेतील प्रकल्प दाखवणारे ॲप ॲपलने आपल्या ॲप-दुकानातून काढून टाकले, कारण अशा आज्ञावली चालवणाऱ्या ॲपवर कंपनीच्या नियमांनुसार तेव्हा बंदी होती. पुढे नियम सैल झाले आणि २०१४ मध्ये ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आयपॅडवर आलेही. परंतु कोणता कार्यक्रम चालावा याचा अंतिम निर्णय मालकाऐवजी दुकान चालवणाऱ्या कंपनीकडेच राहिला. पहिली चाळीस वर्षे डायनाबुकला तांबे, काच आणि बॅटरी यांनी अडवले होते. त्यानंतरचा अडसर व्यापारी नियमांचा आहे, आणि तो दूर करण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.