सिकलसेल आणि बाळंतपण

द्राक्षाच्या कामाचे दिवस आले की पेठ-सुरगाण्याच्या कितीतरी बाया आपल्या पंचवटीच्या पेठ नाक्यावरून दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर जातात. अंथरूण, भांडी बरोबर असतात. दवाखान्याचे कागद मात्र घरी पेटीत राहतात. गरोदर बाईला सिकलसेल असेल, तर त्या कागदांची गरज मळ्यावरच पडते.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि सुमारे १२० दिवस टिकतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, १०-२० दिवसांत मोडतात आणि बारीक नसांत अडकतात. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे आणि हाडे फोडल्यासारखे दुखणे. ही करणी नव्हे, आणि एकट्या बाईचा दोष तर मुळीच नव्हे! आई आणि बाप दोघांकडून खूण आली तरच मूल आजारी होते. एकाकडूनच आली तर ते वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी बाळाची. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. म्हणून बायकोची तपासणी वाहक आली की नवऱ्यालाही न्या. शक्यतो लग्नाआधीच तपासा.

जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तिथे ही खूण टिकली, कारण वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. आफ्रिकेत नायजेरियात साधारण चारांत एक माणूस वाहक आहे. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यांत आणि विदर्भातल्या इतर समाजांतही हा आजार दिसतो. २०२३ च्या जुलैपासून देशभर तपासणीची मोहीम सुरू आहे.

आजार असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना सांगावे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर दिवस राहण्याआधीच विचारावे. गरोदरपणात ते बहुधा थांबवतात. फॉलिक ॲसिड रोज. लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि वाढवूही नयेत, रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. पाणी भरपूर प्यावे. थंडी, ऊन आणि अतिश्रम यांनी कळा उठतात. पहाटेच्या गारठ्यात मळ्यावर जाणाऱ्या बाईला हे मुकादमाला सांगायला संकोच वाटतो, तेव्हा गटातल्या दोघी-तिघींनी मिळून सांगावे.

ताप, छातीत दुखणे, धाप, चेहऱ्यावर सूज, डोकेदुखीबरोबर अंधारी किंवा बाळाची हालचाल कमी, यातले एकही दिसले तर थांबू नका, १०८ ला फोन करा. बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच.

आणि बाळाचे रक्तही तपासून घ्या. आजारी बाळ पहिले काही महिने अगदी ठणठणीत दिसते, कारण पोटातले हिमोग्लोबिन अजून रक्तात असते. लवकर कळले तर जंतुसंसर्ग टाळणारे औषध आणि लसी वेळेवर सुरू करता येतात.