विश्लेषण : ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ मग दुसरीकडे बिल्ड का अडतो?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. रात्री होस्टेलवर सुरळीत चाललेला प्रोजेक्ट सकाळी लॅबच्या संगणकावर बिल्डच होत नाही. कोड तोच, मग बिघडले काय? बहुतेक वेळा उत्तर कोडमध्ये नसते, बिल्डच्या सेटिंग्जमध्ये असते. नोकरीत हीच चूक ग्राहकाच्या सर्व्हरवर भोवते.

बिल्ड म्हणजे काय?

कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र करून चालवता येईल असे सॉफ्टवेअर तयार करणे म्हणजे बिल्ड. जावा प्रोजेक्टमध्ये हे काम अनेकदा ‘अपाचे मेव्हन’ करते. त्यासाठीच्या सूचना ‘पॉम’ नावाच्या फाइलमध्ये असतात.

प्रोफाइल कशासाठी?

डेव्हलपरकडे चाचणीचा डेटाबेस असतो, सर्व्हरवर खरा. असे फरक नाव देऊन नोंदवण्याची सोय म्हणजे प्रोफाइल. कमांडमध्ये त्याचे नाव दिले की ते लागू होते. जावाची आवृत्ती किंवा ऑपरेटिंग सिस्टीम पाहून ते आपोआपही लागू करता येते.

घोळ कुठे होतो?

पॉममधले प्रोफाइल कोडसोबत सगळीकडे जाते. संगणकावरच्या वैयक्तिक ‘सेटिंग्ज’ फाइलमधले मात्र तिथेच राहते. मेव्हन 2 मध्ये प्रोफाइलसाठी पॉमबाहेर वेगळी फाइलही ठेवता येत असे. 2010 मध्ये आलेल्या मेव्हन 3 ने ती सोय काढून टाकली. आणखी एक खाचखळगा : ‘डीफॉल्ट’ ठरवलेले प्रोफाइल त्याच पॉममधले दुसरे प्रोफाइल सुरू होताच बंद होते.

काय काळजी घ्याल?

• कोणतेही प्रोफाइल न देताही बिल्ड पूर्ण झाला पाहिजे.
• ‘सी ड्राइव्ह’चा ठरावीक पत्ता पॉममध्ये लिहू नका.
• पासवर्ड पॉममध्ये नकोत. त्यांची जागा सेटिंग्ज फाइलमध्ये.
• डेटाबेसचा पत्ता शक्यतो सॉफ्टवेअर सुरू होताना बाहेरून द्या. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा बिल्ड केला, तर तपासलेले एक आणि ग्राहकाकडे गेलेले दुसरेच, असे होऊ शकते.
• कोणते प्रोफाइल लागू आहे, हे मेव्हनच्या ‘हेल्प’ प्लगइनमधून पाहता येते.

खरी चाचणी सोपी आहे. मित्राच्या लॅपटॉपवर कोड नव्याने उतरवा आणि एकच कमांड द्या. तुम्हाला फोन न करता त्याचा बिल्ड झाला, तर प्रोजेक्ट परीक्षेला तयार आहे.