अटलांटा ते मेम्फिस : समान हक्कांच्या लढ्याची वाट

अमेरिकेत मुलांकडे जाणारे मराठी आईवडील नायगारा पाहतात, न्यूयॉर्क पाहतात, जमले तर ग्रँड कॅनियनही करून येतात. दक्षिणेतली एक वाट मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. जॉर्जियातल्या अटलांटाहून निघायचे आणि अलाबामातली माँटगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम ही शहरे पाहत टेनेसीतले मेम्फिस गाठायचे. गाडीने हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आत बसते. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी १९५५ ते १९६८ या काळात समान नागरी हक्कांसाठी दिलेल्या लढ्याची मोठी ठाणी या पट्ट्यात आहेत. मोठ्या चळवळी कशा उभ्या राहतात, त्यामागे किती माणसांची किती मेहनत असते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही वाट धरावी.

आज या रस्त्यांवर कोणीही निर्धास्त गाडी हाकतो. त्या काळी कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेत खोली, जेवण, स्वच्छतागृहही नाकारले जाई. न्यूयॉर्कमधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी म्हणूनच १९३६ मध्ये ‘ग्रीन बुक’ सुरू केले. आपल्या लोकांना कोठे उतरता येईल, कोठे जेवता येईल, याचे पत्ते त्यात असत. साध्या प्रवासासाठीही अशी पुस्तिका लागावी, इतका तो काळ कठीण होता.

अटलांटा आणि माँटगोमेरी

अटलांटाच्या ऑबर्न अव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर आहे. जवळच एबेनेझर चर्च आहे आणि पाण्याच्या मधोमध किंग व त्यांच्या पत्नी कोरेटा यांची समाधी. या परिसरात महात्मा गांधींचा पुतळाही भेटतो.

तिथून अडीच-तीन तासांवर माँटगोमेरी. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. दमलेली एक शिवणकाम करणारी बाई उठली नाही आणि इतिहास घडला, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. पण पार्क्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. त्याच उन्हाळ्यात त्यांनी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरालाही हजेरी लावली होती. त्यांना अटक होताच प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके छापून काढली. कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक मैलोन्मैल चालले, शेकडो खासगी गाड्यांनी कामगारांची ने-आण केली. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायकांना जमवून जेवण आणि केक विकले आणि तो पैसा लढ्याला दिला. अखेर बसमधला भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

या बहिष्काराची बातमी नागपुरातही पोहोचली होती. जेम्स लॉसन नावाचा तरुण कृष्णवर्णीय मिशनरी तेव्हा हिस्लॉप कॉलेजात काम करत होता. कोरियन युद्धाच्या काळात लष्करी सेवा नाकारून त्याने तुरुंगवास भोगला होता आणि गांधींचा सत्याग्रह समजून घेण्याची त्याला ओढ होती. नागपूरच्या वर्तमानपत्रात त्याने माँटगोमेरीचा लढा वाचला. १९५६ मध्ये तो मायदेशी परतला, पुढच्या वर्षी किंगना भेटला आणि त्यांच्या आग्रहावरून दक्षिणेत आला. नॅशव्हिलमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. शिव्या, थुंकणे, मार सोसूनही हात उगारायचा नाही, याची तिथे अक्षरशः रंगीत तालीम होई. जॉन लुईस, डायन नॅश, जेम्स बेव्हेल हे त्याच वर्गांतले. पुढच्या थांब्यांवर ही नावे पुन्हा भेटतात.

माँटगोमेरी सोडण्यापूर्वी २०१८ मध्ये उघडलेले शांतता आणि न्याय स्मारक पाहायलाच हवे. जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांची स्मृती तिथे जपली आहे. आठशेहून अधिक पोलादी स्तंभांवर जिल्ह्यानुसार नावे कोरली आहेत. आपण उतारावरून चालत जातो तसतसे स्तंभ डोक्यावर लटकू लागतात. इथे घाई करू नये.

सेल्मा आणि बर्मिंगहॅम

माँटगोमेरी ते सेल्मा हा ८७ किलोमीटरचा रस्ता आज राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग आहे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे, तिथली निम्म्याच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीय होती. तरी त्यांच्यातल्या जेमतेम दोन टक्के प्रौढांची नावे मतदार यादीत होती. जाचक परीक्षा आणि दहशत यांनी बाकीच्यांना बाहेर ठेवले होते. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे लोक एडमंड पेटस पुलावरून निघाले. पुढे जॉन लुईस होते. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने त्यांना झोडपले. लुईस यांची कवटी फुटली. सेल्मात वर्षानुवर्षे मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध पडल्या. दोन आठवड्यांनी मोर्चा पुन्हा निघाला आणि २५ मार्चला माँटगोमेरीत पोहोचला तेव्हा त्यात सुमारे पंचवीस हजार लोक होते. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

बर्मिंगहॅमची कहाणी याआधी दोन वर्षांची. मे १९६३ मध्ये शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले. ते संघटित करण्यात बेव्हेल यांचा मोठा वाटा होता. पोलिसांनी मुलांवर कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले. केली इंग्रम पार्कमधली शिल्पे ते सारे दाखवतात. समोरच सोळाव्या रस्त्यावरचे बॅप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी तिथे वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली मरण पावल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची.

मेम्फिस

शेवटचा टप्पा सुमारे चार तासांचा. फेब्रुवारी १९६८ मध्ये पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडले गेले. तेराशे कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. लॉसन तेव्हा मेम्फिसमध्येच धर्मगुरू होते आणि संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचे अध्यक्षही. किंगना त्यांनीच बोलावून घेतले. ४ एप्रिलला लॉरेन मॉटेलच्या सज्जात किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड झाली आणि कामगारांच्या युनियनला मान्यता मिळाली. १९९१ पासून त्या मॉटेलच्या वास्तूत राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे.

या वाटेवर नेत्यांची स्मारके आहेत आणि ती असायलाच हवीत. पण लढा पेलला तो पत्रके छापणाऱ्यांनी, जेवण रांधणाऱ्यांनी, मार सोसायची तालीम करणाऱ्यांनी. आपल्याकडेही हेच घडले. २० मार्च १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे सी. के. बोले यांचा १९२३ चा कायदे मंडळातला ठराव होता, रामचंद्र मोरे यांची गावोगावची खटपट होती, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांची साथ होती. ही नावे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत?

तेव्हा अमेरिकेत मुलांकडे जाल तेव्हा चार-पाच दिवस काढून नातवंडांसह ही वाट धरा. परतल्यावर त्याच नातवंडांना चवदार तळ्यावर न्या आणि बाबासाहेबांसोबत राबलेल्या माणसांची नावेही त्यांना सांगा.